दिव्यांग विद्यार्थी आणि आंतरजालावरील सुरक्षितता
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

प्रास्ताविक

चैत्राच्या सुमारास चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांत पहाटेपासून मोहफुले वेचण्याची लगबग सुरू होते. त्यापाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. ज्या वनावर घर चालते त्याच वनात वाघही राहतो. म्हणून वनात जाऊच नये असे येथील वडीलधारी माणसे मुलांस सांगत नाहीत. एकट्याने जाऊ नये, अंधार असताना जाऊ नये, वाकून वेचताना मधूनमधून उभे राहून चौफेर पाहावे, संशय येताच एकमेकांस हाका माराव्यात, असे ती शिकवितात. वनाची वाट बंद न करता त्या वाटेने सावधपणे कसे जावे हे सांगणे, हेच ह्या शिक्षणाचे सूत्र होय.

परंतु ह्याच सूचनांचा थोडा बारकाईने विचार करावा. ‘चौफेर पाहा’ ही सूचना दृष्टिहीन मुलाच्या उपयोगाची नाही. ‘हाक ऐकताच मागे फिरा’ ही सूचना कर्णबधिर मुलीच्या उपयोगाची नाही. सूचना चुकीच्या नाहीत. मात्र त्या ज्या इंद्रियावर विसंबून आहेत ते इंद्रिय त्या मुलाजवळ नाही. अशा मुलांसाठी तीच सावधगिरी वेगळ्या रीतीने शिकवावी लागते.

मोबाईल व आंतरजाल ह्यांची स्थिती अशीच आहे. अनुदान, शिष्यवृत्ती, प्रमाणपत्र, बँक व शाळेचा अभ्यास ह्या साऱ्यांची वाट आता मोबाईलमधून जाते, आणि त्याच वाटेवर फसविणारे टपून असतात. सावधगिरीच्या सूचना सर्वत्र दिल्या जातात. त्या दिव्यांग मुलांपर्यंत पोचाव्यात, आणि पोचल्यावर त्यांस पाळता याव्यात, ह्यासाठी शिक्षकाने काय करावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

दोन जिल्ह्यांतील परिस्थिती

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ व गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार व्यक्तींची नोंद दिव्यांग म्हणून झाली. त्या गणनेत दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार विचारले गेले होते. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकार मान्य झाले असून, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती व सिकलसेल आजाराचे रुग्ण ह्यांचाही त्यांत समावेश आहे. हे दोन्ही प्रकार ह्या भागातील शिक्षकांच्या नित्य परिचयाचे आहेत.

भाषेचा प्रश्न ह्याहून निराळा आहे. भामरागड व एटापल्लीकडे माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा व चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी अशा भाषा मुलांच्या घरी बोलल्या जातात. माडिया घरातील दृष्टिहीन मुलास मोबाईलचा मराठी आवाज ऐकू येतो, पण त्यातील प्रत्येक शब्द कळतोच असे नाही. तेव्हा एका अडचणीवर दुसरी अडचण चढलेली असते, हे शिक्षकाने विसरू नये.

तिसरी गोष्ट संपर्कयंत्रणेची. अनेक वनग्रामांत मोबाईलला सलग जोडणी मिळत नाही आणि घरात बहुधा एकच फोन असतो. तो दिवसा वडिलांजवळ किंवा थोरल्या भावाजवळ राहतो. ह्यास्तव जे शिक्षण जोडणीवाचून चालेल, फोनमध्ये साठवून ठेवता येईल आणि घरातील माणसांसही ऐकता-पाहता येईल, तेच येथे टिकेल.

ह्या भागास दिव्यांगांच्या शिक्षणाची परंपरा नाही असे मात्र नाही. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तेथे पुढे दृष्टिहीनांसाठी व कर्णबधिरांसाठी शाळा निघाल्या. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ पासून तेथे माडिया मुलांची शाळा चालू आहे. दुबळा समजला गेलेला मनुष्य दुसऱ्याच्या दयेवर न राहता स्वतःच्या कर्तृत्वावर उभा राहावा, हे आनंदवनाच्या कार्याचे मर्म आहे. प्रस्तुत विषयातही तेच मर्म दृष्टीसमोर ठेवावयाचे आहे.

मुख्य अडचण कोठे आहे?

सुरक्षिततेचा पहिला नियम सर्वांस पाठ आहे : एकवेळचा गुप्तांक, म्हणजे ओटीपी, कोणासही सांगू नये, पिन कोणासही दाखवू नये. नियम उत्तम आहे. परंतु जो मुलगा किंवा मनुष्य फोनवर आलेला अंक स्वतः वाचू शकत नाही, त्याने काय करावे? त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, तो व्यवहार सोडून द्यावा. दुसरा, फोन कोणाच्या तरी हाती द्यावा. तो बहुधा दुसरा मार्ग पत्करतो, आणि पत्करताच नियम मोडतो. नियम त्याने अज्ञानाने मोडलेला नसतो. तो पाळण्याचे साधन त्याच्या हाती दिलेले नसते.

ह्याचा परिणाम केवळ नैतिक नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे म्हटले होते की, दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीची खबर ३ कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर हानीचा बोजा पडणार नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्तांक दुसऱ्यास दिला असल्यास, खबर देईपर्यंतची सारी हानी त्याची त्यानेच सोसावी. नाइलाजाने दिलेला अंक आणि निष्काळजीपणे दिलेला अंक ह्यांत बाहेरून भेद दिसत नाही. तात्पर्य, ज्याला साधन मिळाले नाही त्याच्यावरच दोषाचा शिक्काही बसण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण सूचनेच्या स्वरूपात आहे. फसवणुकीपासून सावध करणारे बहुतेक संदेश रंगीत चित्रफलकाच्या रूपाने मोबाईलवर फिरतात. दृष्टिहीनांचा फोन अक्षरे मोठ्याने वाचून दाखवितो, पण चित्रात कोरलेली अक्षरे त्यास अक्षरे वाटत नाहीत. तेथे तो केवळ ‘चित्र’ एवढेच म्हणून पुढे जातो. चित्रातील मजकूर ओळखणारी निराळी साधने आता निघाली आहेत. तथापि अस्पष्ट छायाचित्रापुढे तीही अडखळतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेली मराठी परिपत्रकेही अशीच निरुपयोगी ठरतात, कारण यंत्राच्या दृष्टीने ती मराठी नसून असंबद्ध चिन्हांची रांग असते. सावधगिरीचा संदेश ज्याला सर्वांत अधिक हवा, त्याच्याच हाती तो कोरा पोचतो.

ह्या दोन अडचणींवरून पाठाचे सूत्र निघते : आधी साधन, मग नियम, आणि मग सराव. केवळ नियम सांगून थांबणे म्हणजे दोर न देता विहिरीतून पाणी काढावयास सांगणे होय.

साधनांचा विचार

दृष्टिहीन विद्यार्थी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय मुळातच असते. तीसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती एकदा चालू केली की बोट जेथे ठेवावे तेथील मजकूर फोन मोठ्याने सांगतो. मराठी आवाज फोनमध्ये उतरवून ठेवल्यास जोडणी नसतानाही तो चालतो. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचे विनामूल्य साधन आहे. ते ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स तेह ह्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सिद्ध करण्यास प्रारंभ केला. दृष्टिहीनांनी दृष्टिहीनांसाठी घडविलेले हे साधन आहे, ही गोष्ट शिक्षकाने वर्गात आवर्जून सांगावी.

साधनाबरोबर चार सवयी लावाव्यात. पहिली, गुप्तांक ऐकावयाचा तो कानात इयरफोन घालून. एरवी फोन तो साऱ्या खोलीस ऐकवील. दुसरी, टॉकबॅकमध्ये पडदा झाकण्याची सोय असते. ती वापरल्यास फोन बोलतो, पण शेजाऱ्यास पडद्यावर काही दिसत नाही. तिसरी, अनोळखी दुवा आल्यास तो शब्दशः न ऐकता एकेक अक्षर करून ऐकावा. इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर व शून्य हा अंक डोळ्यास सारखे दिसतात, पण कानास नाही. येथे दृष्टिहीन विद्यार्थी डोळस विद्यार्थ्याहून अधिक सावध ठरू शकतो. चौथी, ज्या कळीवर फोन नाव न सांगता नुसते ‘बटन’ एवढेच म्हणतो, ती कळ पैशाच्या व्यवहारात दाबू नये.

कर्णबधिर विद्यार्थी. ह्यांचे डोळे शाबूत आहेत, तेव्हा लिखित सूचना दिली की काम झाले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. जन्मतः कर्णबधिर मुलाची पहिली भाषा खुणांची असू शकते आणि भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे. लांबलचक, पल्लेदार वाक्यांतील सूचना त्यास परकी वाटते. म्हणून वाक्ये लहान असावीत, प्रत्येक वाक्याजवळ चित्र असावे आणि शक्य तेथे खुणांनी सांगणारी चित्रफीत असावी. दिल्ली येथे २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने खुणांचा कोश तयार केला आहे. त्याचा उपयोग करावा. ‘बनावट’, ‘गुपित’, ‘धमकी’, ‘नकार’ ह्या चार शब्दांच्या खुणा साऱ्या वर्गाने शिकाव्यात. केवळ त्या एका मुलीने नव्हे. वर्गमित्रास खूण कळत नसेल तर ती मदत कोणाजवळ मागणार?

ह्या विद्यार्थ्यांस धोका बहुधा लिखित संदेशांतून व दृश्य कॉलमधून येतो. अनोळखी मनुष्य आपणही कर्णबधिर आहोत असे भासवून खुणांनी बोलू लागला, तर एकाकी मुलास तो चटकन आपला वाटतो. खूण येते म्हणजे माणूस विश्वासाचा, असे नाही, हे त्यास स्पष्ट शिकवावे.

बौद्धिक अक्षमता असलेले विद्यार्थी. येथे नियमांची यादी निरुपयोगी आहे. एकच नियम, तेच शब्द, तेच चित्र आणि पुष्कळ पुनरावृत्ती, ही पद्धती ठेवावी. ‘थांब, दाखव, मग दाब’ असे तीन शब्द पुरेत. फोनवर काही नवे दिसले की थांबावे. ठरलेल्या माणसास दाखवावे. मगच कळ दाबावी. ह्या मुलांस गोड बोलणारा प्रत्येक जण मित्र वाटतो. म्हणून ‘मित्र’ म्हणजे ज्याचे घर ठाऊक आहे, ज्यास आईबाप ओळखतात तो, अशी ढोबळ पण उपयोगी व्याख्या त्यांस द्यावी.

हातांच्या हालचाली मर्यादित असलेले विद्यार्थी. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांचा हात थरथरतो त्यांच्याकडून चुकीची कळ दाबली जाते. स्पर्श किती वेळ राहिल्यास तो खरा समजावा हे फोनमध्ये ठरविता येते. ती सोय शोधून द्यावी. काही जण बोलून टंकलेखन करतात. ते अवश्य करावे. मात्र पिन कधीही मोठ्याने उच्चारू नये, हे बजावून सांगावे. कुष्ठरोगमुक्त व्यक्तींच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत असे पुष्कळदा घडते. अशा वेळी डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीचा पर्याय मागावा. ‘अंगठा उमटत नाही, तेव्हा दुसऱ्याचा लावू’ असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

सिकलसेलचे विद्यार्थी. ह्यांचे डोळे, कान, हात ठीक असतात; परंतु दुखणे उठले की शाळा बुडते. पाठ झाला त्या दिवशी ते घरी असतात आणि घरी असताना करमणुकीस फोन असतो. ह्यांच्यासाठी निराळे साधन नको, निराळी वेळ हवी. पाठ ध्वनिरूपाने साठवून घरी पोचवावा.

नमुना पाठ : गुपिताची पेटी

इयत्ता ५ वी. तासिका दोन. वर्गात सर्वसाधारण विद्यार्थ्यांबरोबर एक दृष्टिहीन मुलगा व एक कर्णबधिर मुलगी आहे असे समजावे.

साहित्य : मोहफुले वेचावयाची उघडी टोपली, झाकणाचा डबा, कुलपाची लहान पेटी, चिंचोके, जाड कागदाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, चित्र व ब्रेल असे तिन्ही असावे. ब्रेल लिहिता येत नसल्यास गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे साहाय्य घ्यावे.

पूर्वज्ञानाची जागृती : ‘गावात आलेल्या पाहुण्यास कोणत्या गोष्टी सांगाव्यात? घरात धान्य कोठे ठेवले आहे हे सांगावे काय?’ अशा प्रश्नांनी आरंभ करावा. उत्तरे तोंडी व खुणांनी, दोन्ही रीतींनी घ्यावीत.

विषयप्रतिपादन : टोपली, डबा व पेटी सर्वांच्या हातांत देऊन चाचपून पाहावयास सांगावी. टोपली म्हणजे सर्वांस सांगण्याजोगे. डबा म्हणजे घरच्यांसच सांगण्याजोगे. पेटी म्हणजे कोणासही न सांगण्याजोगे. मग एकेक चिठ्ठी काढून ती कोठे टाकावी हे मुलांनी ठरवावे. शाळेचे नाव, आवडते फळ, वडिलांचा मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचा पिन, ओटीपी, स्वतःचे छायाचित्र, अशा चिठ्ठ्या असाव्यात. छायाचित्राच्या चिठ्ठीवर वाद होईल. तो होऊ द्यावा. सणाचे छायाचित्र आणि अंगावर कपडे नसतानाचे छायाचित्र ह्यांतील भेद शिक्षकाने गंभीरपणे, संकोच न करता सांगावा. दुसऱ्या प्रकारचे छायाचित्र कोणी मागितल्यास तो अपराध मागणाऱ्याचा आहे, मुलाचा नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे.

नियम : चर्चेतून दोन नियम मुलांकडून काढून घ्यावेत. पैसे मिळावयाचे असतील तर पिन लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. आणि, घाई करणारा मनुष्य बहुधा फसविणारा असतो. आताच दाब, आताच सांग, नाहीतर अनुदान बंद होईल, असे म्हटले की थांबावे.

उपयोजन : शिक्षकाने शाळेच्या फोनवर, सर्व जोडण्या बंद करून, खोटा प्रसंग उभा करावा. दृष्टिहीन मुलासाठी आवाजाने, कर्णबधिर मुलीसाठी लिखित संदेशाने, अन्य मुलांसाठी दोन्हींनी. खरा ओटीपी, खरे खाते वा खरे ॲप ह्यांचा सरावासाठी कदापि उपयोग करू नये.

मूल्यमापन : हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दुसऱ्या तासिकेच्या शेवटी प्रत्येक मुलास एक गुप्त खूण द्यावी. दृष्टिहीन मुलाच्या मुठीत ठराविक चिंचोके, कर्णबधिर मुलीस हाताची खूण, इतरांस अंक. ‘ही तुझी पेटी, ती कोणासही देऊ नकोस’ एवढेच सांगावे. चार दिवसांनी स्वतः शिक्षकाने, मागाहून मुख्याध्यापकांनी, सहज बोलता बोलता ती खूण विचारावी.

पुष्कळ मुले सांगून टाकतील, आणि दिव्यांग मुले बहुधा सर्वांत आधी सांगतील. ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. इतर मूल हट्ट करते, नाही म्हणते, कधी उलट उत्तर देते. दिव्यांग मुलास मात्र लहानपणापासून, जो हात धरून नेतो त्याचे ऐकावे, जो वाचून दाखवितो त्यास सारे दाखवावे, हेच वळण लागलेले असते. त्याचे शहाणपण आज्ञाधारकपणात मोजले जाते. फसविणाऱ्यास नेमके हेच हवे असते. म्हणून ज्या दिवशी ते मूल शिक्षकाकडे तोंड करून ‘गुरुजी, ते सांगावयाचे नाही’ असे म्हणेल, त्या दिवशी पाठ सफल झाला असे समजावे. शिक्षकाने तेव्हा रागावू नये, हसू नये. वर्गासमोर त्याचे कौतुक करावे. ज्यांनी सांगितले त्यांस दोष न देता हा सराव होता हे उघड करावे आणि नवी खूण द्यावी.

साहाय्यक कोण व कसा असावा?

सर्व साधने देऊनही काही विद्यार्थ्यांस माणसाचे साहाय्य लागेलच. तेथे ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’ असे शिकविणे व्यर्थ आहे. विश्वास कोणावर व कोठपर्यंत ठेवावा, हे शिकवावे. पालकसभेत पुढील रीत सांगावी :

१. साहाय्यक आधीच ठरलेला असावा, शक्यतो दोन असावेत. दुकानात किंवा बँकेच्या दारात भेटलेला दयाळू मनुष्य हा साहाय्यक नव्हे.

२. साहाय्यकाने वाचावे व सांगावे. कळ ज्याची त्याने दाबावी. हात चालत नसल्यास, कोणती कळ दाबली जात आहे हे प्रत्येक वेळी सांगून दाबावी.

३. अंगठा लावून पैसे काढताना, किती रक्कम यंत्रात घातली हे आधी विचारावे, मग अंगठा लावावा. पावती अवश्य घ्यावी व ठरलेल्या साहाय्यकाकडून वाचून घ्यावी. पुन्हा पुन्हा अंगठा लावावयास सांगितल्यास कारण विचारावे. आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, ती घ्यावी.

४. चूक झाल्यास मूल सांगेल असे वातावरण घरात ठेवावे. ‘तुला फोन दिला हीच आमची चूक’ असे एकदा म्हटले की पुढची फसवणूक मूल लपवून ठेवते.

फोन काढून घेणे हा उपाय अनेक पालकांस सोपा वाटतो. परंतु दृष्टिहीन मुलास फोन म्हणजे पुस्तक, कर्णबधिर मुलीस तो दूरच्या मैत्रिणीशी बोलण्याचे साधन आहे. तो काढून घेतल्याने धोका टळत नाही. केवळ मूल पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते. वाघाच्या भीतीने मोहाची टोपली कोणी जाळीत नाही.

फसवणूक झाल्यास

पैशाची फसवणूक झाल्यास १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलविले जातात. म्हणून पहिल्या काही तासांत दिलेली खबर अधिक उपयोगी पडते. मुलाचा छळ, धमकी वा छायाचित्रांचा दुरुपयोग झाल्यास १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे. परंतु हे दोन्ही क्रमांक मूलतः बोलून सांगण्याचे आहेत. कर्णबधिर व्यक्तीने राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लिखित तक्रार करावी, किंवा ठरलेल्या साहाय्यकाने तिच्या समक्ष फोन करावा. शाळेने अशा तक्रारीचा एक नमुना, सोप्या वाक्यांत व रिकाम्या जागा ठेवून, आधीच तयार ठेवावा; संकटाच्या वेळी मजकूर सुचत नाही. संदेश पुसू नयेत. तेच पुरावे असतात. फोनवरून किंवा दृश्य कॉलवरून ‘अटक’ करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, हेही सर्वांस सांगून ठेवावे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ ग व ६६ घ अन्वये दुसऱ्याची ओळख चोरणे व तोतयेगिरीने फसविणे ह्यांस ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४२ नुसार, श्राव्य, मुद्रित व विद्युत् माध्यमांतील मजकूर दिव्यांगांस सुगम रूपात मिळावा ह्यासाठी उपाय योजणे शासनाचे कर्तव्य आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात असे ठरविले की, अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटविण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करावयास सांगणारी पद्धती, ज्यांस ती करताच येत नाही अशा आम्लहल्लाग्रस्त व दृष्टिहीन व्यक्तींस बाहेर ठेवीत होती. त्यातून हे प्रकरण उद्भवले होते. ह्यावरून शाळेनेही बोध घ्यावा. शाळेचा प्रत्येक सूचनासंदेश चार रूपांत निघावा : युनिकोड मराठीतील टंकलिखित मजकूर, तोच मजकूर ध्वनिरूपात, शक्य तेथे खुणांच्या चित्रफितीत, आणि सोप्या शब्दांत चित्रासह. घरची भाषा निराळी असल्यास ध्वनिरूप त्या भाषेत, गावातीलच एखाद्या पालकाच्या आवाजात घ्यावे. ह्यास खर्च नाही. केवळ अर्ध्या तासाचा वेळ लागतो.

उपसंहार

सुरक्षितता ही दुसऱ्याने बाहेरून घालावयाची कुंपणभिंत नाही. ती मुलाच्या अंगी यावयाची सवय आहे, आणि तीमध्ये गुपित राखण्याचा व नकार देण्याचा अधिकार अंतर्भूत आहे. दिव्यांग मुलास हा अधिकार पूर्वी क्वचितच मिळाला. साधन आधी, नियम मागाहून, आणि सराव सतत, ह्या क्रमाने शिक्षकाने काम केल्यास तो अधिकार त्यास शाळेतच मिळेल.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेने गेल्या महिन्यात पाठविलेल्या सूचनांपैकी किती सूचना टॉकबॅकने वाचता येतात? प्रत्यक्ष तपासून पाहावे.

२. ‘ओटीपी सांगू नका’ हा नियम आपल्या वर्गातील कोणत्या विद्यार्थ्यास आज पाळता येणार नाही? त्यास कोणते साधन दिल्यास पाळता येईल?

३. गुपिताच्या पेटीचा सराव करून किती मुलांनी शिक्षकांस नकार दिला ह्याची नोंद ठेवावी. तीन महिन्यांनी सराव पुन्हा करून दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात.

४. वर्गातील सर्व मुलांस ‘बनावट’, ‘गुपित’, ‘धमकी’, ‘नकार’ ह्यांच्या खुणा येतात काय?